तिसऱ्या कडव्यात उतरलेला सूर

आमच्या बीडच्या बाररूममध्ये माणूस कशाचे दावे चालवतो त्यावरून त्याचं नाव पडतं. कुणी जमिनीवाले, कुणी फौजदारीवाले, कुणी मोटार अपघातवाले. मी सांबळवाला. पहिली काही वर्षं हे नाव माझ्या पाठीमागं घेत. मग तोंडावर घेऊ लागले. आता पक्षकारच गेटवर विचारत येतात, ते सांबळवाले वकील कुठं बसतात? टोमण्याचा पत्ता झाला. वकिलाला आणखी काय पाहिजे?

सांबळ माझा छंद नाही. ते माझं घराणं आहे. सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात आमचं गोंधळ्यांचं घर. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, सांबळ-तुणतुणं वाजवायचं, पदं म्हणायची, हे पिढ्यांचं काम. घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिला मीच. अंबाजोगाईला बी.ए. झालो, औरंगाबादला वकिली शिकलो. आताचं नाव वेगळं आहे, पण माझ्या सर्टिफिकेटवर औरंगाबादच लिहिलंय. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा वडिलांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि सांबळाशेजारी ठेवला. तो पिवळा डाग अजून कागदावर आहे. सनद घेताना तिथल्या कारकुनानं विचारलं, हा डाग कसला? मी म्हणालो, आमच्याकडं नोंदणी अशीच होते.

वकील झालो तरी गोंधळ सोडला नाही. बारमधले ज्येष्ठ लोक मजा घ्यायचे, "काय वकीलसाहेब, आज तारीख का गोंधळ?" मी म्हणायचो, दोन्हीकडं उभंच राहायचं असतं साहेब, फक्त गोंधळात देवी मधे बोलत नाही.

गाण्याबजावण्याचे दावे चालवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. बीड जिल्ह्यात कोण येणार गाण्याचं भांडण घेऊन? पण मोबाइल आला, गावोगावचे गायक आपापले चॅनेल काढून बसले, आणि भांडणं आपल्या पायानं चालत आली. एका डीजेवाल्याला दुसऱ्या डीजेवाल्यावर केस करायची होती, कारण त्यानं याच्या हॉर्नचा आवाज चोरला होता. एका नवरदेवाच्या मामाला वरातीतल्या आपल्या नाचाची पद्धत रजिस्टर करून हवी होती, म्हणजे भाऊबंदांना तसं नाचता येणार नाही. एका गायकानं एका कंपनीला सही करून दिली होती. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की गाण्याचे सगळे हक्क, सगळ्या काळासाठी, सगळ्या विश्वात कंपनीचे. मी त्याला मराठीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, यात परळी येती का?"

बाहेरच्या वाचकांसाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. गाणं दिसतं एक, पण त्याचे धनी तीन असू शकतात. ज्यानं शब्द केले तो, ज्यानं चाल लावली तो आणि ज्यानं ते रेकॉर्ड केलं तो. आपल्याकडं वावर एकाचं, विहीर दुसऱ्याची आणि अर्ध्या वाट्यावर बटईनं पेरणारा तिसरा असतो, तसंच. कुणाची परवानगी कुणाकडून घ्यायची, यातच माझं पोट भरतं. दुसरी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. हा हक्क मिळायला कुठं नोंद करावी लागत नाही. गाणं तुम्ही केलं, ते कुठंतरी टिपलं गेलं की ते तुमचं. आणि तिसरी गोष्ट मला फार आवडते. कंपनी कुठलीही असो, ज्याचं गाणं आहे तो आपण राहतो त्या जिल्ह्याच्या कोर्टात दावा लावू शकतो. म्हणजे मोठमोठ्या शहरांतल्या लोकांना तारखेला बीडला यावं लागतं. मांजरसुंब्याच्या घाटात त्यांच्या गाड्या गरम होतात आणि मला उगाच बरं वाटतं.

पण या सगळ्यात एक शब्द आमचा वैरी आहे. तो म्हणजे पारंपरिक. गाण्याखाली "पारंपरिक" लिहिलं की ते कुणाचंच नाही. कुणीही घ्यावं, कुणीही विकावं. खूप जुनी पदं खरंच तशी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझे वडील पदं जोडायचे. दुपारी लिंबाखाली बसून, मांडीवर ताल धरून. त्यातली काही पुढं कॅसेटवर आली, दुसऱ्यांच्या आवाजात. खाली लिहिलेलं, पारंपरिक. वडिलांना त्याचा आनंदच वाटायचा. आपलं पद एवढं लांब गेलं म्हणून. मी कायदा शिकून आलो तोवर ते गेले होते. आज रस्त्यात एखादं पद कानावर येतं, मला माहीत असतं ते कुणाचं, पण सिद्ध करायला माझ्याकडं काही नाही. ही खंत मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक गायकाच्या कामात थोडी थोडी फेडतो.

कौसाबाई आल्या त्या अशाच. सोबत नवरा रामभाऊ आणि सून. दोघं नवराबायको ऊसतोडीला जाणारी, आणि सहा महिने गावात असले की भजन-गोंधळात गाणारी. कौसाबाईंचा आवाज जाड, दाणेदार. रामभाऊंच्या हातात तुणतुणं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तुणतुणं म्हणजे एकाच तारेचं वाद्य. खाली कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, बाजूला उभी काठी, वर खुंटी. खुंटी पिळली की तार चढते. गाणाऱ्यानं सूर त्या तारेवरून उचलायचा असतो. पंचक्रोशीत रामभाऊंच्या तारेचं नाव होतं. त्यांच्या तुणतुण्यावर पेटी लावून घ्यावी, असं लोक म्हणायचे.

बोलायला सुरुवात सुनेनं केली. सासूबाईंनी स्वतः एक गाणं जोडलं होतं. गेवराईला पाहुण्यांकडं बारसं होतं, तिथं दुपारी ओसरीवर त्यांनी ते म्हटलं. सुनेनं मोबाइलवर घेतलं आणि सासूच्या नावाचं चॅनेल काढून टाकलं. गाणं बऱ्यापैकी चाललं. 

चूल मांडिते तीन दगडांची उसाच्या गं फडात
आई, घर माझं गाडीवरती, देव्हारा गं उरात

पुढच्या हंगामाला जाताना त्यांची गाडी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर थांबली. तिथं एका ट्रकमध्ये हेच गाणं लागलेलं. आवाज मात्र दुसरीचा, मागं कीबोर्ड आणि ढोल. कौसाबाईंना आधी हसूच आलं. ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, हे माझं गाणं हाय. तो म्हणाला, मावशी, हे समद्या जगाचं गाणं हाय. सुनेनं मोबाइलवर शोधून बघितलं. एका कंपनीचं गाणं, झगमगीत, खाली लिहिलेलं, पारंपरिक, संगीत अमुक अमुक. काही आठवड्यांनी कंपनीनं तक्रार केली आणि कौसाबाईंचं गाणं त्यांच्याच चॅनेलवरून उडालं. वर नोटीस आली की हे गाणं जाहीर कार्यक्रमात म्हणाल तर कारवाई करू. गावच्या यात्रेच्या पंचांनी हात जोडले, बाई, दुसरं कायपण म्हणा, ते नको.

कौसाबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, म्या दुसऱ्याचं काय मागत न्हाई. माझ्या तोंडात माझं गाणं यायला कुणाची परवानगी कावून लागती?"

मी दोन्ही गाणी लावली. आधी सुनेच्या मोबाइलवरचं, मग कंपनीचं. सवयीनं टेबलावर बोटं वाजवत होतो. तिसऱ्या कडव्याला बोटं थांबली. गेवराईच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला सूर साधारण अर्धा सूर खाली उतरतो, आणि चौथ्याला परत वर येतो. आमच्या कुठल्याच पदात असं होत नाही. कंपनीचं परत लावलं. तिथंही तिसऱ्या कडव्याला सगळा कीबोर्ड, ढोल, गायिका, वरात निघावी तसे अर्धा सूर खाली, आणि चौथ्याला वर.

मी रामभाऊंना विचारलं, हे इथं खाली कावून उतरलंय? रामभाऊ छताच्या पंख्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, चहा सांगून येतो, आणि बाहेर गेले.

कौसाबाईंनी दार लोटलं आणि आवाज बारीक केला. "ह्यांची खुंटी सरकली तवा. तार उतरली."

"मग तुमी पण उतरलात?"

"मग काय करू? ह्यांची समदी सासुरवाडी बसलेली समोर. मी वरच राहिले असते तर तार बेसूर ऐकू आली असती. मी खाली आले, कुणाला कळलं न्हाई. ह्यांनी कडवं संपता संपता खुंटी पिळली, मी वर गेले."

मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. असा पुरावा वकिलाला जन्मात एखादेवेळी मिळतो. चांगली गोष्ट उचलली तर कुणीही नाकारतो, म्हणतो, चांगली गोष्ट कुणालाही सुचू शकते. पण चूक? एका दुपारी, एका ओसरीवर सरकलेली खुंटी दुसऱ्याच्या स्टुडिओत कशी पोचली? मी हे त्यांना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, न्हाई.

"काय न्हाई?"

"हे कोर्टात काढायचं न्हाई. त्यांना वाटतं कुणाला कळलं न्हाई म्हणून. मलासुदिक कळलं न्हाई, असंच धरून चालत्यात. माणसाकडं दुसरं काय हाय दादा, एक तार हाय. गाणं गेलं तर मी दुसरं जोडीन. चारचौघांत त्यांची खुंटी निघाली तर ते तुणतुणं परत हातात धरायचे न्हाईत."

मी खूप समजावलं. बाई ऐकेनात. आणि वकिलीत एक नियम पाळावाच लागतो. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या मर्जीशिवाय उघडायची नाही. रामभाऊ चहा घेऊन आले तेव्हा आम्ही हवापाण्यावर बोलत होतो.

दावा लावला. सोबत तातडीचा अर्ज, की निकाल लागेपर्यंत बाईंना गाण्यापासून अडवू नये आणि त्यांचं गाणं परत चढवावं. माझ्याकडं होतं काय? आमचं गाणं आधी चढलं, एवढंच. त्याचं उत्तर कंपनीकडं तयार होतं. आम्ही ही क्लिप कधी ऐकलीच नाही, आमच्या संगीतकारानं मराठवाड्यात फिरून जुनं पारंपरिक पद गोळा केलं, या बाईनंही तिथूनच उचललं असेल. सुनावणीच्या आधी दोन रात्री मी नीट झोपलो नाही. सगळ्यात चांगला पुरावा खिशात आणि खिसा शिवलेला.

कंपनीचे वकील पुण्याहून आले. भला माणूस, बोलणं मुद्देसूद. न्यायाधीश मॅडमपुढं त्यांनी संगीतकाराचं शपथपत्र वाचायला सुरुवात केली. संगीतकारालाही तो उतरलेला सूर खटकला असावा, आणि कुणी विचारायच्या आधीच त्यानं त्याचा बंदोबस्त केला होता. शपथपत्रात एक परिच्छेद असा, की तिसऱ्या कडव्यात सूर उतरवणं ही मराठवाड्याच्या गोंधळाची शेकडो वर्षांची खास शैली असून, कंपनीनं ती परंपरा जशीच्या तशी जपली आहे.

इंग्रजीत चाललेलं. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या दोघांना कळावं म्हणून मॅडमनी विचारलं, पक्षकारांना समजतंय का? मग त्या वकिलांनीच सौजन्यानं तेवढा परिच्छेद मराठीत सांगितला. कौसाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मी खाली बघत होतो.

आणि रामभाऊ उभे राहिले.

शिपाई पुढं आला, बसा बसा करत. रामभाऊ बसले नाहीत. हात जोडलेले, पण आवाज गोंधळातल्यासारखा खणखणीत.

"बाईसाहेब, मी मधी बोलतो, माफी असावी. ती परंपरा न्हाई. ती माझी खुंटी सरकली."

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅडमनी नजर वर केली तसं थांबलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी उठून सांगितलं की हे वादीचे पती, मूळ गाण्यात तुणतुणं यांचं आहे. मॅडम म्हणाल्या, त्यांना बोलू द्या.

रामभाऊ म्हणाले, "गेवराईला बारशाला वाजवत हुतो. घामानं हात निसटला, खुंटी फिरली, तार उतरली. गोंधळात असं कुणी करत न्हाई. माझ्या बापानं असं वाजवल्यावर मला काठी घातली असती. आता हे साहेब म्हणत्यात ही शेकडो वर्षांची रीत हाय. उद्या ही रीत म्हणून पोरं शिकतील बाईसाहेब. माझी चूक परंपरा हून बसंल. माझी बेअब्रू झाली तर झाली, पर तारंची नको."

मॅडम म्हणाल्या, "पण गाणाऱ्या बाई का उतरल्या?"

रामभाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. मागं न बघता म्हणाले, "माझ्यासाठी. तिला वाटतं मला म्हाईत न्हाई."

मी कौसाबाईंकडं बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या, पदर सुटलेला, आणि चेहऱ्यावर राग की काय ते कळेना. नंतर कळलं, तो राग नव्हता.

असल्या अर्जावर साक्षीदार उभे करत नाहीत, सगळं शपथपत्रांवर चालतं. मॅडमनी सांगितलं, हे शपथेवर लेखी द्या, जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकते. त्या सुट्टीत मी जेवलो नाही. मजकूर सांगत गेलो, टायपिस्ट मारत गेला, रामभाऊंनी अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, एकेक अक्षर. तुणतुणं पिशवीत होतंच. तो माणूस लग्नाला जाऊ दे की कोर्टात, तार सोबत असते.

सुट्टीनंतर मॅडमनी दोन्ही गाणी ऐकली. मग रामभाऊंना वाजवायला सांगितलं. त्यांनी तार लावली, दोन-चार वेळा छेडली, मग भर कोर्टात खुंटी अंगठ्यानं जराशी सरकवली. सूर खाली आला. तोच. पुण्याच्या वकिलांनी मान खाली घातली.

मी फार बोललो नाही. एवढंच म्हणालो, मॅडम, ही रीत असती तर ती गावोगाव सापडली असती. ही चूक आहे, आणि ती जगात एकाच ओसरीवर, एकाच दुपारी झाली. नवऱ्याची लाज राखायला एक बाई अर्धा सूर खाली उतरली. आता कंपनीनं सांगावं की त्यांची गायिका कुणाची लाज राखायला उतरली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला लोक काय काय करतात.

हुकूम आमच्या बाजूनं झाला. बाईंचं गाणं परत चढवा, त्यांना गाण्यापासून अडवू नका, आणि कंपनीनं पुढचा आदेश होईपर्यंत आपलं गाणं उतरवून ठेवा. कोर्टाच्या व्हरांड्यात पुण्याचे वकील रामभाऊंजवळ आले. तुणतुणं हातात घेऊन बघितलं, खुंटी फिरवून बघितली आणि मला म्हणाले, कायद्याचं उत्तर माझ्याकडं होतं हो, याचं नव्हतं. पुढं कंपनीनं तडजोड केली. आता त्यांच्या गाण्याखाली पारंपरिक लिहिलेलं नाही. गीत आणि चाल, दोन्हींपुढं कौसाबाईंचं नाव आहे. दाव्याचं बाकी जे ठरायचं ते ठरलं. तो हुकूम फ्रेम करून मी ऑफिसात लावलाय. आयुष्यात मोठ्या रकमांचे दावे जिंकले, त्यांच्या फ्रेमा केल्या नाहीत.

बाररूममध्ये त्या आठवड्यात मला कुणी टोमणा मारला नाही. एका ज्येष्ठ फौजदारीवाल्यांनी तर मुलीच्या लग्नाच्या गोंधळाचं आवतण दिलं. म्हणाले, पण खुंटी नीट बसवून या.

रामभाऊंना मी विचारलं होतं, तुमाला म्हाईत हुतं तर तिला कधी बोलला कसे न्हाई? त्यांचं उत्तर मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणाले, बोललो असतो तर तिला वाटलं असतं तिचं खाली येणं वाया गेलं.

पुढच्या यात्रेला पंचांनी कौसाबाईंना मानानं बोलावलं आणि मला सांबळाला. कोट घरी ठेवून गेलो. समोर अख्खं गाव, ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या, त्यामुळं मांडव भरलेला. निवेदक शाळेतले मास्तर, पाठांतर पक्कं. माइकवर म्हणाले, आता सादर होत आहे आपल्या मातीतलं एक पारंपरिक गीत.

कौसाबाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला. लहान पोराच्या हातातून विळा काढून घ्यावा, इतक्या सहज.

"मास्तर, पारंपरिक न्हाई. हे म्या केलंय, अन् मी अजून जित्ती हाय."

मांडवात शिट्ट्या पडल्या. रामभाऊंनी तार छेडली. कौसाबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी सांबळावर काठी टाकली.